वर्गातलं सूत्र आणि बाजाराची पिशवी

मागच्या अंकात मी विचारलं होतं, की वाणिज्य किंवा व्यवस्थापनाच्या वर्गात शिकलेली एखादी गोष्ट तुम्ही बाजारहाटात, स्वयंपाकघरात, रोजच्या धावपळीत वापरून पाहिली आहे का, आणि पुढे काय झालं? पत्रांचा ढीगच आला. काही वाचताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पण हसून बाजूला ठेवावं असं त्यात एकही नव्हतं, प्रत्येकात खराखुरा प्रश्न आहे. ही सूत्रं मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवली आहेत. सूत्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. ते कुठल्या अटींवर चालतं, हे मात्र परीक्षेबरोबर विसरलं जातं. बहुतेक पत्रांत गाडी तिथेच अडली आहे.

प्रश्न : मी एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आई सारखी म्हणते, ‘चार दिवस झाले की पळा बाजारात.’ म्हणून मी आमच्या घरच्या सामानाला ईओक्यूचं, म्हणजे एका खेपेत किती माल आणणं स्वस्त पडतं ते सांगणारं, सूत्र लावलं. बाजारची एक फेरी म्हणजे पेट्रोल आणि माझा वेळ धरून १०० रुपये. साठवणुकीचा खर्च मालाच्या किमतीच्या वर्षाला १० टक्के. तूरडाळ महिन्याला ४ किलो लागते, भाव १६० रुपये धरला. उत्तर आलं साडेचोवीस किलो. कोथिंबीर महिन्याला १० जुड्या, जुडी १५ रुपयांना. उत्तर आलं १२६ जुड्या. मला ते फार वाटलं, म्हणून ३०च आणल्या. फ्रीजमध्ये दुधाची पिशवी ठेवायला जागा उरली नाही. आठवडाभर रोज कोथिंबीर वडी झाली, बाबा डबा उघडायच्या आधीच ‘आजपण?’ असं विचारायला लागले, आणि उरलेल्या जुड्या पिवळ्या पडल्यावर आईने शेजारच्या गाईला घातल्या. आकडेमोड मी परत परत तपासली, बरोबर आहे. मग चुकलं कुठे? (सांगली)

उत्तर : आकडेमोड बरोबरच आहे, मीही करून पाहिली. पण उत्तराकडे नीट बघ. वर्षाला लागतात १२० जुड्या आणि सूत्र म्हणतंय १२६ आण. म्हणजे वर्षाची सगळी कोथिंबीर एका खेपेत आणि वर सहा जुड्या पुढच्या वर्षासाठी! असं उत्तर आलं, की समजायचं, हा माल या सूत्राचा नाही.

हे सूत्र १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने मांडलं, तेही कारखान्यातल्या सुट्या भागांसाठी. लोखंडी नटबोल्ट सहा महिने कपाटात राहिला तरी नटबोल्टच राहतो. माल नासत नाही, भाव बदलत नाही आणि खप रोज सारखा असतो, या अटींवर ते उभं आहे. कोथिंबीर पहिल्याच अटीत गारद होते. तिला लागू पडतं ते वर्तमानपत्र विकणाऱ्याचं गणित. त्याला रोज सकाळी ठरवावं लागतं, किती अंक घ्यायचे. उरले तर संध्याकाळी रद्दी, कमी पडले तर गिऱ्हाईक हातचं जातं. या दोन नुकसानांपैकी मोठं कोणतं, त्यावर आकडा ठरतो. कोथिंबीर संपली तर एक दिवस आमटी नुसत्या कढीपत्त्यावर निभते. उरली तर सडते. म्हणून थोडी कमीच आणायची. तुझी आई चार दिवसांनी जाते ती याच हिशोबाने.

आता डाळ. इथे सूत्र चालेल, पण तू फेरीचे सगळे १०० रुपये एकट्या डाळीच्या डोक्यावर टाकलेस, आणि तेच १०० परत कोथिंबिरीच्याही. फेरी तर एकच. एका फेरीत दहा जिन्नस येत असतील, तर डाळीच्या वाट्याला १० रुपये. हा आकडा घालून बघ. उत्तर येतं पावणेआठ किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची डाळ. घरोघरी डाळीचा डबा साधारण तेवढाच असतो. आणि एक गंमत सांगते, जी वर्गात घाईघाईने उरकली जाते. या सूत्राचा आलेख तळाशी अगदी सपाट असतो. पावणेआठऐवजी तू दर वेळी ५ किलोच आणलीस, तर वर्षाचा खर्च वाढतो सुमारे १२ रुपयांनी. एवढ्यासाठी आईशी वाद घालू नकोस.

आपल्या आज्या वर्षाचं धान्य एकदम भरायच्या, डाळीला एरंडेलाचा हात लावायच्या, गव्हात कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे घालायच्या. त्या काही हॅरिसच्या विरोधात जात नव्हत्या. सुगीत भाव उतरतो आणि पावसाळ्यात चढतो, ही गोष्ट त्यांच्या हिशोबात होती आणि सूत्रात नाही. वर्षाचा माल भरायचा तर किडीचा बंदोबस्तही आलाच. तो कष्टाचा खर्च साठवणुकीत धरायचा असतो. पुढच्या वेळी गणित मांडताना आईला शेजारी बसव आणि प्रत्येक जिन्नस किती दिवस टिकतो, ते तिच्याकडून लिहून घे.

प्रश्न : आमचा नातू इंजिनीअरिंगनंतर ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकतो आहे. मी निवृत्त आहे, रविवारी दळण आणायचं काम माझं. दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर गिरणीत आला, फोनवर स्टॉपवॉच लावून तासभर उभा राहिला आणि गिरणीवाल्याला म्हणाला, “काका, तुमची रांग चुकीची आहे. ज्याचं दळण सगळ्यांत कमी, त्याला आधी घ्या. सगळ्यांचा सरासरी वेळ निम्मा होईल.” गिरणीवाला भला माणूस, ‘बघू या करून’ म्हणाला. तर पहिल्या रविवारी आमचा दहा किलोचा डबा दिवेलागणीला घरी आला. दुसऱ्या रविवारी गिरणीत बघतो तो सगळीकडे दोन-दोन किलोचे डबे! दहा किलोवाल्या प्रत्येकाने पाच डबे करून आणलेले. आमच्या सौ.नेही केले. त्यातला एक शेजाऱ्यांच्या घरी गेला, त्यांची बाजरी आमच्याकडे आली. एकीच्या ज्वारीच्या भाकरीला बेसनाचा वास, आणि एका आजींचं उपवासाचं पीठ गव्हावर दळलं गेल्यामुळे त्या आता गिरणीत पाय ठेवत नाहीत. नातू म्हणतो, सूत्र सिद्ध झालेलं आहे. खरं काय? (डोंबिवली)

उत्तर : काका, नातू खरं बोलतोय. १९५६ पासून ही गोष्ट गणिताने सिद्ध आहे आणि कागदावर कुणालाही पडताळता येते. समजा तीन डबे आहेत, एकाला २० मिनिटं, एकाला ५, एकाला २. मोठा आधी घेतला, तर ते २०व्या, २५व्या आणि २७व्या मिनिटाला तयार होतात, सरासरी २४. उलट क्रमाने घेतलं, तर २, ७ आणि २७, सरासरी १२. खरोखर निम्मी! आणि शेवटचा डबा दोन्ही वेळा २७व्या मिनिटालाच निघतो. पहिल्यांदा हे फळ्यावर मांडलं जातं तेव्हा वर्गात मुलं सुखावतात, मीही प्रत्येक वेळी सुखावते.

पण अटी बघा. पहिली अट अशी, की सगळी कामं सुरुवातीलाच हजर आहेत, नवं काम मधे येत नाही. गिरणीत दर पाच मिनिटांनी नवा डबा येतो, आणि त्यातला लहान डबा तुमच्या दहा किलोच्या पुढे शिरतो. असं होत राहिलं तर मोठ्या दळणाची पाळी येतच नाही. दुसरी अट, कामाचा आकार ठरलेला आहे. इथे तो माणसांच्या हातात होता आणि नियम कळताच त्यांनी तो बदलला. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल लिहिताना हेच निरीक्षण नोंदवलं होतं, की एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते मोजमाप बिघडतं. तुमच्या गिरणीत एका आठवड्यात बिघडलं.

तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची. एका कामाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही, असं हे सूत्र धरून चालतं. गिरणीत तो लागतो. गव्हावरून बाजरीवर जायचं तर दगडात आणि तोंडाशी अडकलेलं पीठ निघून जावं लागतं, हरभराडाळीनंतर तर झाडून काढावं लागतं. गिरणीवाला आधी काय करायचा ते आठवा. सगळे गव्हाचे डबे सलग, मग ज्वारी, मग बाजरी, डाळीचं शेवटी. उपवासाचं असेल तर सकाळी दगड स्वच्छ असताना. उगीच नाही तो तसं करत! बदल करायला लागणारा वेळ कमीत कमी वेळा खर्च व्हावा, अशी ती मांडणी आहे. या बदलाच्या वेळेची किंमत कारखान्यांना फार उशिरा कळली. टोयोटामध्ये शिगेओ शिंगो यांनी १९७० च्या सुमारास हजार टनी प्रेसचा साचा बदलण्याचा वेळ ४ तासांवरून ३ मिनिटांवर आणला आणि जगभरचे कारखानदार ते बघायला गेले. तुमच्या गिरणीवाल्याने त्याच अडचणीवर डब्यांच्या क्रमाने उपाय काढला आहे.

आणि नातवाला एक गोष्ट विचारा, गिरणीत रांगेत उभं कोण असतं? डबा! माणूस डबा ठेवतो, झाकणात चिठ्ठी टाकतो आणि घरी किंवा भाजीला जातो. सूत्र जो वेळ वाचवतं, तो थांबण्याचा वेळ. आणि थांबणाऱ्या डब्याला कसलाच खर्च नाही. तुम्हाला हवं आहे ते एवढंच, की ‘अकराला या’ म्हटलं तर अकराला पीठ तयार असावं. स्टॉपवॉच वाया गेलं असं मुळीच नाही. किलोला किती मिनिटं लागतात आणि धान्य बदलताना किती जातात, हे त्याने मोजलेलंच आहे. त्यावरून गिरणीवाल्याला खडूने लिहायचा एक फळा करून द्यावा, गहू सकाळी दहापर्यंत, ज्वारी-बाजरी बारापर्यंत, डाळी त्यानंतर, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी पहिला घाणा उपवासाचा. त्या आजींना मात्र नातवाने स्वतः जाऊन हे सांगावं आणि त्यांचा डबा स्वतः उचलून न्यावा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याने कंपनीतल्या प्रशिक्षणात ‘प्रोत्साहन योजना’ शिकून आल्यावर मुलांसाठी दरपत्रक केलं आणि फ्रीजवर लावलं. तुळशीला पाणी २ रुपये, दही आणणं ५, कपड्यांच्या घड्या १०. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठची. आठवड्यात मुलाने घड्यांचं काम बहिणीला ६ रुपयांत दिलं आणि ४ स्वतः ठेवायला लागला. मुलीला हे कळल्यावर तिने संप केला. परवा सासूबाईंनी पाण्याचा तांब्या मागितला तर ती म्हणाली, “आजी, पाणी फक्त तुळशीचं आहे लिस्टमध्ये.” सासूबाई हसल्या, पण मला बरं वाटलं नाही. (नाशिक)

उत्तर : तुम्हाला बरं वाटलं नाही, ते योग्यच झालं. मुलगा धंद्यात नाव काढेल, मुलगी कामगारांचं नेतृत्व करेल, पण तांब्याचा प्रश्न खरा आहे.

इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला, तो उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. संध्याकाळी मुलांना न्यायला पालक उशिरा येत. त्यातल्या सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर त्यांना वाटलं, पैसे भरतो आहोत, म्हणजे उशिरा यायची सोय विकत घेतली. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. या शेवटच्या भागामुळे मी तुम्हाला म्हणते, दरपत्रक आजच काढा, दिवाळीपर्यंत थांबू नका.

प्रोत्साहनाचा धडा खोटा नाही. जिथे काम परक्याचं आहे, मोजता येतं आणि पैशाखेरीज ते करायला दुसरं कारण नाही, तिथे तो चालतो. आजीला पाणी देण्याला कारण आधीपासून आहे, आणि त्यावर दर लावला की ते कारण मागे सरतं. घरातली रोजची कामं बिनपैशाची आणि वाटून दिलेली असू द्या, अगदी नवऱ्यासह. हातखर्चाला पैसे द्यायचे तर ते कामाशी न जोडता ठरलेल्या वारी द्या. वरचं, क्वचितचं काम असेल, म्हणजे माळा आवरून रद्दी काढणं वगैरे, तर रद्दीचे आलेले पैसे दोघांनी मिळून घ्यावेत. मुलगा-मुलगी भागीदारीत राहिली तर ठेकेदारीही आपोआप संपेल.

प्रश्न : कॉलेजात वाटाघाटींवर तास झाला. सरांनी सांगितलं, पहिला आकडा आपण बोलायचा आणि तो टोकाचा बोलायचा, आणि उठून जायची तयारी ठेवायची. मी कपिलतीर्थ मार्केटात गेलो. मावशी फ्लॉवर ४० ला सांगत होत्या, मी म्हटलं, १०. त्या म्हणाल्या, “दहाला पाला न्हे की.” मी शिकवल्याप्रमाणे उठून चालायला लागलो. कुणीच हाक मारली नाही. तीन गाळे पुढे गेलो तर पुढच्या मावशी आधीच म्हणाल्या, “आला बघा दहाचा फ्लॉवर!” शेवटी घराजवळच्या गाडीवर ५० ला घेतला. आता आई बाजारात गेली तरी तिला कढीपत्ता फुकट मिळत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : सरांनी सांगितलेलं मूळ संशोधन भक्कम आहे. १९७४ मध्ये ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी आपला एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचे, आणि मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? चक्र १० वर थांबलं त्यांचा अंदाज सरासरी २५ आला, ६५ वर थांबलं त्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नसताना! पण हे का घडलं, ते बघ. त्या लोकांना उत्तर ठाऊकच नव्हतं. ज्याला किंमत माहीत नाही, तोच पहिल्या आकड्याला चिकटतो. मावशी पहाटे लिलावाला उभ्या होत्या, त्यांना फ्लॉवर कितीला पडला हे त्यांच्या हमालीसकट पाठ आहे. ठाऊक नव्हतं ते तुला. म्हणजे तिथे आकडा सोडायचा अधिकार त्यांचा होता आणि त्यांनी तो ४० ला सोडला होता.

उठून जाण्याचंही तेच. दुसरीकडे याहून बरा सौदा हातात असेल, तरच उठायचं. तुझ्या हातात काय होतं? ५० ची गाडी.

आणखी एक गोष्ट. सरांच्या तासात व्यवहार एकदाच होतो. बाजारात तो दर आठवड्याला त्याच दोन माणसांत होतो, आणि तेव्हा शहाणपणाची चाल बदलते. १९८० च्या सुमारास अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या दोघांच्या खेळात कुठली चाल जिंकते, हे पाहायला जाणकारांकडून प्रोग्रॅम मागवले. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यांत साधा प्रोग्रॅम. पहिल्यांदा सहकार्य करायचं, मग समोरचा जे करेल ते परत करायचं. कढीपत्त्याची काडी हे मावशींचं सहकार्य होतं, तुझा दहाचा आकडा त्यांना त्याची परतफेड वाटला.

दुरुस्ती सोपी आहे, कारण त्याच खेळात रुसवा लांबत नाही. त्याच मावशींकडे जा, सांगतील त्या भावाने एक गड्डा घे आणि “आज काय चांगलं आलंय?” असं विचार. घासाघीस करायचीच असेल, तर दिवे लागल्यावर पालेभाजीवर कर. रात्र उलटली की मेथीची किंमत उरत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं, आणि त्या स्वतःच दोन जुड्या एकत्र करून देतात. टोकाचा पहिला आकडा जुनी सायकल किंवा वापरलेलं कपाट घेताना वापर. तिथे खरी किंमत दोघांनाही ठाऊक नसते.

प्रश्न : आमचे जावई चार्टर्ड अकाउंटन्सी शिकवतात. भाचीच्या लग्नात अक्षता पडल्यावर म्हणाले, “आहेर देऊन झाला, तो संक कॉस्ट, बुडीत खर्च. त्यापायी आता थांबायचं कारण नाही.” आणि निघाले. गाडी त्यांची, आम्ही पाच जण मागे. जिलबीचा घमघमाट नाकात घेऊन परतलो. (ठाणे)

उत्तर : बुडीत खर्चाचा नियम एवढंच सांगतो, की गेलेले पैसे निर्णयात धरू नका, पुढचं बघा. जावईबापूंनी गेलेलं सोडलं, ते अगदी बरोबर. पुढचंही सोडलं, ते नियमात नाही. पुढे होती पंगत, जिलबी, वर्षाने भेटलेली माणसं आणि नवरीची पाठवणी, आणि त्यासाठी वर एक रुपया पडणार नव्हता. त्यांच्याच भाषेत सांगा, की थांबण्याचा जादा खर्च शून्य होता आणि जादा लाभ पाच ताटांचा. ते नक्की मान्य करतील. पुढच्या लग्नाला गाडीची किल्ली तुमच्या लेकीकडे ठेवा.

प्रश्न : मी सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. घरी स्वयंपाकघरात कानबान, म्हणजे माल संपत आला की कार्डाने मागवायची जपानी पद्धत, लावलं. प्रत्येक डब्यात खुणेपर्यंत माल उतरला की पिवळं कार्ड काढून खिळ्याला अडकवायचं, संध्याकाळी नवरा कार्डं घेऊन वाण्याकडे जातो. महिना उत्तम चाललं, कपाट अर्धं रिकामं झालं. गौरींना अचानक बारा माणसं जास्त आली आणि साखर निघाली पाव किलो. नवऱ्याच्या एका दुपारी इतक्या फेऱ्या झाल्या, की वाणी म्हणाला, “साहेब, एकदाच यादी करता येत नाही का?” सासूबाईंनी एका कार्डावर ‘चहा, आत्ता’ असं लिहून माझ्या हातात दिलं. बंद करावं का? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : मुळीच नको! तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण इथे मांडणी जवळजवळ जमली आहे. टोयोटाचे तैइची ओनो यांना ही कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून. गिऱ्हाईक फळीवरून उचलतं तेवढंच मागे भरलं जातं. म्हणजे ती मुळात वाणसामानाचीच आहे, कारखान्यात जाऊन तुमच्या घरी परत आली.

कानबान मागतं ती रोजची सारखी मागणी. म्हणून टोयोटा आधी उत्पादनाचं वेळापत्रक समतल करून घेते आणि मग कार्डं फिरवते. घरात रोजचा चहा समतल आहे, गौरी नाहीत. आणि ज्या टोयोटाने जगाला साठा कमी करायला शिकवलं, तिनेच २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर काही मोजक्या वस्तूंचा, विशेषतः संगणकी चिपांचा, काही महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितलं. ज्याच्यावाचून सगळंच अडतं आणि जे ऐनवेळी मिळत नाही, ते जास्त ठेवायचं.

तुमच्याकडे अशा वस्तू कोणत्या? साखर, चहा, रवा, तूप, पोहे. नेहमीच्या पाहुणचाराला यांचा एक वेगळा, बंद डबा वरच्या फळीवर ठेवा. त्याला कार्ड नाही. तो उघडला की दुसऱ्या दिवशी भरायचा. गौरी, नवरात्र, दिवाळी यांना मात्र आठवडाभर आधी कार्डं उतरवून ठेवा आणि सरळ यादी करा. सणाची मागणी दिनदर्शिकेत छापलेली असते, तिच्यासाठी खुणेची वाट कशाला बघायची? यादी सासूबाईंना करू द्या. बारा माणसांना किती साखर लागते, हा आकडा तुमच्या घरात फक्त त्यांच्याकडे आहे, आणि तो एकदा कुठेतरी लिहिला गेला पाहिजे.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात वेळ आणि हालचालींचा अभ्यास शिकले आणि आई पोळ्या करताना वहीत टिपणं काढली. सोळा पोळ्यांत ती किती वेळा वळते, किती वेळा वाकते. आत्या, काका, सगळे हसतात, आई म्हणते, “मोजत बसण्यापेक्षा दोन पोळ्या लाट.” हे घरात आणायचं बंद करू का? (लातूर)

उत्तर : बंद करू नकोस. या विषयाचा एक पायाच स्वयंपाकघरात आहे. फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्याच्या विटा रचण्याच्या १८ हालचाली ५ वर आणल्या, हे तुझ्या पुस्तकात असेल. त्यांच्या पत्नी लिलियन यांच्यावर बहुधा ओळसुद्धा नसेल. त्या मानसशास्त्राच्या डॉक्टरेट, बारा मुलांच्या आई. १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेले आणि कारखानदार बाईच्या हाती काम द्यायला कचरू लागले. तेव्हा लिलियन यांनी तीच पद्धत स्वयंपाकघराकडे वळवली. पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रीजच्या दारातल्या फळ्या यांचं श्रेय त्यांना दिलं जातं. ओटा, शेगडी, शीतकपाट आणि सामानाची फळी हाताच्या टप्प्यात आणणारी मांडणी त्यांनी दाखवून दिली. आणि ओटा-शेगडीची उंची ठरवण्यासाठी त्यांनी हजारो बायकांना विचारलं.

तुझ्या वहीत हे विचारणंच राहिलं आहे. आई किती वेळा वळते हे तू लिहिलंस, रात्री तिचं काय दुखतं हे लिहिलं नाहीस. ते आधी विचार. मग तिच्या कोपरापासून ओट्यापर्यंतचं अंतर मोज. उभ्याने हलकं काम करताना ओटा कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असलेला बरा. पोळ्या लाटताना जोर लावावा लागतो, म्हणून पोळपाट त्याहून थोडा खाली हवा. आपल्याकडे ओटा गवंड्याच्या सवयीने बांधला जातो आणि पोळपाट त्याच्यावर बसतो, म्हणजे आणखी चार-पाच सेंटिमीटर वर. आईची उंची कमी असेल, तर खांदे उचलूनच लाटणं चालतं. तिच्या पायांखाली ठेवायला पक्का, न घसरणारा लाकडी पाट मिळतो का ते बघ, आणि पिठाचा डबा व पोळ्यांचा डबा तिला वळावं लागणार नाही अशा जागी आण. आठ दिवसांनी परत सोळा पोळ्यांची टिपणं काढ. या वेळी मोजणी आत्याला करायला सांग आणि लाटणं तू घे.